जे२००० आणि आजचे आकडे वेगळे का येतात? आकाशातली पक्की खुंटी नक्की कुठे ठोकलीये?

तिवईवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय.

गेल्या अमावस्येला आम्ही चौघं नेरळच्या पुढे एका मित्राच्या शेतावर दुर्बीण घेऊन गेलो होतो. माझी ८ इंची आहे, गोटू माउंटवर. एका अंधुक दीर्घिकेचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) कॅटलॉगमधून वहीत उतरवून नेले होते, हँडसेटमध्ये टाकले, मोटर फिरली, डोळा लावला तर काहीच नाही. अर्धा तास आजूबाजूला चाचपडलो, मग ढग आले. दुसऱ्या दिवशी कळलं की वहीतले आकडे जे२००० चे (म्हणजे २००० सालच्या जाळीवरचे) होते आणि हँडसेट आजच्या तारखेचे समजून चालला होता. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, वर्षाला साधारण ५०.३ विकला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश), त्यामुळे २५-२६ वर्षांत सगळी जाळी वीस-एकवीस कला सरकली. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन तृतीयांश. हाय पॉवरचा आयपीस लावला होता, मग कसं दिसणार!

इथपर्यंत समजलं. पण मग वाटलं की अक्ष डुलतो, तारे स्वतः सरकतात (बर्नार्डचा तारा वर्षाला १० विकलांहून जास्त), सूर्यही आपल्याला घेऊन आकाशगंगेभोवती फिरतोय, मग "जे२००० ची जाळी" तरी कशाला बांधलेली आहे? एका ओळखीच्याने सांगितलं की आता ताऱ्यांवरून नाही, रेडिओ अँटेनांवरून ठरवतात. ते मला पटेना. २८ फेब्रुवारीला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो तेव्हा तिथे सांगितलेलं की एवढी ३० अवाढव्य अँटेना मिळूनसुद्धा दोनेक विकलांपर्यंतच बारीक दिसतं. मग रेडिओवाले ऑप्टिकलपेक्षा अचूक कसे? कोणी नीट सांगेल का, गणित थोडं आलं तरी चालेल.

बेसलाइन_प्रेमी

तिवईवाला, फार छान प्रश्न आहे, माझा रोजचा विषय आहे हा (रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीत पीएचडी चालू आहे) त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी खुंटीचं. १९९७ पर्यंत अधिकृत जाळी ताऱ्यांवरच बांधलेली होती, एफके५ नावाचा कॅटलॉग, त्यात मूळ १५३५ तारे. प्रत्येक ताऱ्याची जागा आणि निजगती (त्याचं स्वतःचं सरकणं) मोजायची आणि त्यावरून शून्य कुठे ते काढायचं. अडचण तुम्ही म्हणता तीच, तारे हलतात, आणि निजगती मोजण्यात चूक राहिली की ती दरवर्षी साचत जाते. म्हणजे जाळी ठरवल्या दिवशी चांगली असते आणि मग जुनी होत जाते.

क्वेसारचं (फार लांबच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे) तसं नाही. ३सी २७३ घ्या, अंतर साधारण २४० कोटी प्रकाशवर्षं. तो समजा सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने आडवा पळत असला तरी इथून बघताना वर्षाला एका विकलेच्या दहा लाखाव्या भागाइतकंही सरकणं दिसणार नाही. लांब आहे म्हणून स्थिर, इतकं साधं आहे ते. म्हणून १९९७ ला क्योटोच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ठरवलं की इथून पुढे जाळी क्वेसारांवर, आणि १ जानेवारी १९९८ पासून ते लागू झालं. ६०८ रेडिओ स्रोत, त्यातले २१२ "व्याख्या करणारे", म्हणजे अक्ष कुठे आहेत हे त्यांच्याच जागांवरून ठरतं. त्याचं नाव आयसीआरएफ. आता तिसरी आवृत्ती चालू आहे, २०१८ ला व्हिएन्नात मंजूर झाली, १ जानेवारी २०१९ पासून लागू, त्यात ८.४ गिगाहर्ट्झला मोजलेले ४५३६ स्रोत आणि व्याख्या करणारे ३०३.

जुने नकाशे वाया जाऊ नयेत म्हणून नवी जाळी मुद्दाम जे२००० च्या जाळीला अगदी जवळ जुळवली, फरक विकलेच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, तुमच्या दुर्बिणीला तो कधीच कळणार नाही. पण अर्थ पार बदललाय. आता आकाशातलं शून्य पृथ्वीच्या विषुववृत्ताला किंवा वसंतसंपाताला (वसंतात सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू) बांधलेलं नाहीच. पृथ्वी कशीही डुलो, जाळी तिथेच राहते आणि पृथ्वी तिच्या सापेक्ष किती डुलली ते मोजलं जातं.

आता रेडिओ का. जीएमआरटीचा पसारा २५ किलोमीटर आणि लांबी मोठी असलेल्या लहरी, म्हणून दोन विकला. व्हीएलबीआय म्हणजे लांब लांबच्या अँटेना मिळून केलेली मोजणी, त्यात दोन अँटेना एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब असतात, एक जर्मनीत वेट्झेलला आणि एक हवाईत कोके पार्कला अशा, आणि मध्ये केबल वगैरे काही नाही. दोन्हीकडे एकच क्वेसार ऐकायचा, रेकॉर्ड करायचं, प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेझर नावाचं अणुघड्याळ असतं त्याचे ठोके सोबत नोंदवायचे. मग सगळ्या डिस्क (पूर्वी टेपा कुरियरने जायच्या, आता बरंच फायबरवरून जातं) एका ठिकाणी आणून जुळवायच्या.

गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडच्या दोन टोकांना दोन मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं असं समजा. नंतर दोन्ही रेकॉर्डिंग एकमेकांवर सरकवत गेलात तर एका ठिकाणी ढोलाचे ठोके बरोब्बर जुळतात, आणि किती सरकवावं लागलं त्यावरून पथक कोणत्या बाजूला आहे ते सांगता येतं. क्वेसारचा आवाज म्हणजे नुसती खरखर असते, ठोका असा काही नसतो, पण ती खरखर दोन्हीकडे तीच असते त्यामुळे जुळते. तो उशीर आपण काही पिकोसेकंदांपर्यंत मोजतो. १० पिकोसेकंदांत प्रकाश ३ मिलिमीटर जातो. १०,००० किलोमीटरच्या बेसलाइनवर (दोन अँटेनांमधल्या अंतरावर) ३ मिलिमीटर म्हणजे कोन किती झाला तो तुम्हीच काढा, विकलेचा सोळा हजारावा भाग येईल. इथे कोन मोजायला डोळा नाही, घड्याळ आहे, आणि घड्याळ ही माणसाने केलेली सगळ्यात अचूक वस्तू. मेझर इतकं स्थिर चालतं की त्याच हिशोबाने तीन कोटी वर्षांत एखादा सेकंद इकडेतिकडे होईल.

हजारो निरीक्षणं मिळून तिसऱ्या आवृत्तीतल्या चांगल्या स्रोतांची अचूकता ३० मायक्रोविकलांपर्यंत (मायक्रोविकला म्हणजे विकलेचा दहा लाखावा भाग) आलीये. मुंबईत उभं राहून नागपुरात धरलेल्या एका केसाची जाडी बघावी एवढा तो कोन. मला पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती खरंच.

भूमापक

बेसलाइन ताईंनी उत्तम सांगितलं. मी आयुष्यभर सर्वेक्षणात काम केलं, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे जमिनीच्या बाजूने थोडं लिहितो, कारण हे सगळं आकाशवाल्यांसाठी आहे असं लोकांना वाटतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता गावोगाव मोजणीला रोव्हर घेऊन जातात, उपग्रहावरून दोन-तीन सेंटिमीटरमध्ये बांध सापडतो. उपग्रह आकाशात कुठे आहे ते माहीत असल्याशिवाय तुम्ही जमिनीवर कुठे ते निघत नाही. उपग्रह स्थिर आकाशाच्या हिशोबाने फिरतो आणि आपण फिरत्या पृथ्वीवर उभे. म्हणजे या क्षणी पृथ्वी स्वतःभोवती नक्की किती फिरलेली आहे हे लागतं. लोक म्हणतील २४ तासांत एक फेरी, त्यात काय मोजायचं. पण पृथ्वी एकसारखी फिरत नाही. वाऱ्यांचे मोठे प्रवाह बदलतात, समुद्र हलतो, भरती-ओहोटी ओढते, आतला गाभा वेगळा वागतो, दिवस मिलिसेकंदभर लहानमोठा होत राहतो. आणि एक मिलिसेकंद चुकला की विषुववृत्तावर ४६ सेंटिमीटर जागा चुकते. शेताचा बांध गेला की शेजाऱ्याकडे!

गंमत म्हणजे हे उपग्रहांना स्वतःहून कळत नाही. उपग्रहाची कक्षा फिरली की पृथ्वी फिरली हे नुसत्या उपग्रहांकडे बघून वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकसारखंच दिसतं. बाहेरची न हलणारी खूण लागते आणि तशी खूण म्हणजे हे क्वेसार. पृथ्वीच्या फिरण्याचा हा कोन, यूटी१ म्हणतात त्याला, तो दीर्घकाळ विश्वासाने देणारी एकच पद्धत आहे आणि ती व्हीएलबीआय. दर सोमवारी आणि गुरुवारी जगभरातले अँटेना मिळून २४ तासांचं सत्र करतात, शिवाय रोज तासाभराचं छोटं सत्र फक्त यूटी१ साठी. ताईंनी वेट्झेल-कोके म्हटलं ती जोडी त्यातलीच, पूर्व-पश्चिम लांब आहे म्हणून. लीप सेकंद (घड्याळ पृथ्वीशी जुळवायला घातलेला जादा सेकंद) द्यायचा की नाही तेही यावरूनच ठरत आलंय, शेवटचा दिला गेला ३१ डिसेंबर २०१६ ला.

आणि याच मोजमापात खंड सरकताना दिसले. युरोप-अमेरिका बेसलाइन वर्षाला दीडेक सेंटिमीटर लांबतेय. आमच्या शिक्षणाच्या वेळी भूपट्ट सरकतात हे खडकांच्या वयावरून सांगायचे, आता तेच थेट मोजता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ च्या फेब्रुवारीत पृथ्वीच्या संदर्भजाळीसाठी वेगळा ठराव केला, देशांनी यात सहकार्य करावं म्हणून. रस्ते, धरणं, समुद्राची पातळी, सगळं त्या जाळीवर उभं आहे. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर वाढतोय म्हणायचं तर मोजपट्टीच मिलिमीटरभर हलून चालणार नाही.

पंचांगवाचक

भूमापक काका, खूप आवडलं. माझा प्रश्न थोडा बाजूचा वाटेल पण मनापासून विचारतोय. आमचं घर रत्नागिरीकडचं, घरी टिळक पंचांग. आमची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, बाकीच्यांची १४-१५ ला. अधिक महिन्याच्या काही वर्षी तर आमचे गणपती महिनाभर आधी येतात, मुंबईचे नातेवाईक विचारतात की हे काय. वडील सांगायचे की अयनांशाचा (संपात आरंभबिंदूपासून किती सरकला त्याचा) वाद आहे, रेवती पक्ष आणि चित्रा पक्ष. हा तुमच्या खुंटीचाच प्रश्न झाला ना?

बेसलाइन_प्रेमी

पंचांगवाचक दादा, बाजूचा कसला, हा तर अगदी तोच प्रश्न आहे!

वसंतसंपात सरकतो, तो कुठून सरकला हे सांगायला आकाशात एक स्थिर आरंभबिंदू लागतो. आपल्याकडे शंभरेक वर्षांपूर्वी यावर जोरदार वाद झाले. टिळक रेवतीच्या योगताऱ्याच्या (नक्षत्राच्या मुख्य ताऱ्याच्या) बाजूने, तो झीटा पिशियम. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूने, चित्रा बरोबर १८० अंशांवर धरायची. दोन्हींत जवळपास ४ अंशांचा फरक पडतो, सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून तुमची संक्रांत चार दिवस आधी. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती झाली आणि २१ मार्च १९५६ ला अयनांश २३ अंश १५ कला धरायचे असं ठरलं. तो चित्रेच्या बाजूचा.

आता बघा, चित्राही हलते. तिची निजगती वर्षाला विकलेच्या विसाव्या भागाच्या आसपास, हजार वर्षांत एक कलेहूनही कमी, पंचांगाला काहीच फरक पडत नाही. रेवतीचा तारा त्याहून जास्त हलतो. पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की दोन्ही पक्षांना हे पक्कं माहीत होतं की शून्य आकाशात लिहिलेलं नसतं, ते माणसांनी एकत्र बसून ठरवावं लागतं, आणि एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच वापरायचं. क्वेसारांच्या बाबतीतही अगदी हेच झालं. उशिराच्या मोजणीतून क्रांती थेट निघते पण विषुवांशाचं शून्य निघत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. सुरुवातीच्या रेडिओ कॅटलॉगांत ते ३सी २७३ चा विषुवांश ठरवून धरून दिलं जायचं. म्हणजे तिथेही एक चित्रा होतीच.

तिवईवाला

वा! संध्याकाळपासून तीनदा वाचलं हे सगळं. आता दोन शंका. एक, क्वेसार खरंच बिंदू असतात का? त्यांना जेट असतात असं वाचलंय. दोन, गाया उपग्रहाने तर अब्जावधी तारे मोजले, मग अजून अँटेना कशाला हव्यात?

बेसलाइन_प्रेमी

पहिली शंका म्हणजे आमची डोकेदुखी आहे, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत.

नसतात बिंदू. मध्यभागी कृष्णविवर, त्यातून निघणारा जेट, आणि आपण रेडिओत जे सगळ्यात तेजस्वी बघतो तो जेटच्या मुळाचा भाग. जेटमधून नवीन गाठ बाहेर पडली की प्रकाशाचा मध्य सरकल्यासारखा दिसतो, क्वेसार तिथेच असतो. ३सी २७३ इतका प्रसिद्ध पण त्याचा जेट मोठा आहे, त्यामुळे इतक्या बारीक कामाला तो आदर्श नाही. म्हणून ३०३ निवडताना जागा किती वर्षं स्थिर राहिली, रचना किती साधी आहे, आणि आकाशात सगळीकडे सारखे पसरलेत का हे बघून निवडले. शिवाय २४ आणि ३२ गिगाहर्ट्झलाही मोजणी केली, कारण फ्रीक्वेन्सी वाढवली की जेटचा पसारा कमी दिसतो.

दक्षिण आकाश कायम कमजोर राहिलंय कारण तिकडे अँटेना कमी. दक्षिण आफ्रिकेतला हार्टबीस्टहूकचा २६ मीटरचा अँटेना १९६१ साली नासाने बांधलेला, त्याचं मुख्य बेअरिंग ऑक्टोबर २००८ ला गेलं आणि २०१० पर्यंत तो बंद होता, तेवढ्या एका अँटेनाने दक्षिणेकडच्या मोजणीत केवढी पोकळी पडली. आता १२-१३ मीटरचे हलके, भराभर वळणारे अँटेना उभारताहेत, वेगात वळणं गरजेचं कारण हवेतल्या बाष्पामुळे होणारा उशीर मिनिटामिनिटाला बदलतो आणि थोड्या वेळात आकाशाच्या सगळ्या बाजू बघितल्या तरच तो वेगळा काढता येतो. सध्या सगळ्यात मोठी चूक या बाष्पाचीच. आपल्या पावसाळ्यात काय होत असेल विचार करा.

एक गोष्ट मला फार प्रिय आहे ती सांगतेच. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती वळत जातो, त्या वळणामुळे सगळे क्वेसार केंद्राच्या दिशेला किंचित सरकताना दिसतात, वर्षाला जास्तीत जास्त ५.८ मायक्रोविकला. तिसऱ्या आवृत्तीत हे पहिल्यांदा हिशोबात धरलं आणि म्हणून सगळ्या जागा २०१५ सालच्या म्हणून दिल्यात. वीसेक कोटी वर्षांची फेरी आणि तिचं वळण आपल्याला चाळीस वर्षांच्या टेपांमध्ये सापडलं!

गायाचं: डिसेंबर २०१३ ला गेला, जानेवारी २०२५ ला निरीक्षणं थांबली. त्याच्या जाळीत १६ लाखांच्या आसपास क्वेसार आहेत, आणि २०२२ पासून प्रकाशातली अधिकृत जाळी तीच, रेडिओतली आमची. पण गायाची जाळी फिरवून बसवली ती आयसीआरएफ३ वरच. आणि गाया होता पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब, त्याला पृथ्वी आज किती फिरली याचा काही पत्ता नाही. काकांचं यूटी१ त्यातून निघत नाही. ते रोज मोजावं लागतं, उद्या परत मोजावं लागतं.

भूमापक

रोज मोजावं लागतं हे लोकांना सांगा ताई. नवीन दुर्बिणीला पैसे मिळतात, चालू मोजणी चालू ठेवायला मिळत नाहीत. खंड पडला की तो मागे जाऊन भरता येत नाही. आमच्याकडे भरतीमापकाच्या नोंदींचं तसंच असायचं, मधली दोन वर्षं गेली की पुढची वीस वर्षं त्या भोकाशी झगडायचं.

तिवईवाला

धन्यवाद ताई, काका, दादा. ही सगळी पानं प्रिंट काढून वहीत लावणार आहे. शेवटचं एकच, यातला एखादा क्वेसार माझ्या ८ इंचीतून दिसेल का? फोटो नाही, डोळ्याने.

बेसलाइन_प्रेमी

दिसेल! ३सी २७३ च. प्रत (तेजस्वितेचा आकडा) १२.९ च्या आसपास, थोडी कमीजास्त होते, ८ इंचीला नेरळच्या पुढच्या अंधारात जमायला हवं. कन्या राशीत आहे, एप्रिल-मेमध्ये रात्री दहाच्या सुमाराला चांगला वर असतो. ईटा व्हर्जिनिस हा तारा सापडवा, तिथून ईशान्येला साधारण साडेतीन अंश. जे२००० चे आकडे विषुवांश १२ तास २९ मिनिटं ६.७ सेकंद, क्रांती अधिक २ अंश ३ कला ९ विकला. आसपासच्या ताऱ्यांचा चार्ट छापून न्या कारण दिसायला तो साधा निळसर ठिपका आहे, ताऱ्यासारखाच, चार्टशिवाय कुठला तो कळणार नाही. लाल टॉर्च, आणि डोळा अंधाराला सरावायला अर्धा तास द्या.

आणि हँडसेटमध्ये आकडे आजच्या तारखेला बदलून टाका हं या वेळी.

पंचांगवाचक

तिवईवाला, जागा असेल तर एप्रिलच्या अमावस्येला मीही येतो. रत्नागिरीहून रात्रीची गाडी आहे.